खिंडीपर्यंत कच्चा टाका

आमच्या गल्लीतले टेलर मास्तर माणसाकडे बघताना त्याचा चेहरा कधी बघत नाहीत. आधी खांदे, मग पोट, मग पँट बुटावर कितपत पडते ते. एवढं बघून झालं की मग "या, बसा." त्यांची माझी इतक्या वर्षांची ओळख, पण रस्त्यात समोरून आलो तर ते मला माझ्या डाव्या खांद्यावरून ओळखतात. तो उजव्यापेक्षा जरा खाली आहे. ही गोष्ट माझ्या आईच्या कधी लक्षात आली नव्हती. मास्तरांनी मात्र पहिल्याच मापाला ती भर दुकानात जाहीर केली, आणि तेव्हापासून गल्लीतली निम्मी मंडळी माझ्याशी बोलताना किंचित तिरकी होऊन बोलतात.

मास्तरांचा कापडावर विश्वास आहे, माणसाच्या शरीरावर नाही. कापड आटून आटून किती आटेल ते सांगता येतं. माणूस कुठे आणि किती सुटेल याचा काही भरवसा नाही, असं त्यांचं मत. म्हणून शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं जे जादा कापड असतं, ज्याला शिवणकामात माया म्हणतात, ते मास्तर इतरांच्या दुप्पट ठेवतात. त्यांनी शिवलेल्या प्रत्येक कोटाच्या पोटात आणखी एक छोटा कोट दडलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रायल. ट्रायल घेतल्याशिवाय मास्तरांनी आजवर कशावरही पक्की शिलाई मारलेली नाही. आधी पांढऱ्या दोऱ्याचे लांबलांब कच्चे टाके, मग ट्रायल, मग खडूच्या खुणा, मग टाके उसवून पुन्हा टाके, पुन्हा ट्रायल. गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, मास्तर, साधी पँट आहे, चंद्रावर नाही जायचंय. मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत शांतपणे सांगतात, "कच्चा टाका उसवता येतो. पक्का उसवला की कापडाला भोकं राहतात."

हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे ते त्यांच्याच अंगाशी येणार आहे.

दुकान अरुंद आहे. एका भिंतीला शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला तिन्ही बाजूंनी दाखवणारा आरसा. त्यात माणसाला स्वतःची पाठ बघायला मिळते आणि पुन्हा बघावीशी वाटत नाही. कोपऱ्यात डोकं नसलेला पुतळा. आणि पुतळ्याच्या शेजारी, जिथे कुठल्याही शहाण्या दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी बाक ठेवला असता, तिथे मोटरसायकल. काळी, जाडजूड, मास्तरांनी ऐन तारुण्यात घेतलेली. थांबायची वेळ आली तर गिऱ्हाइकं तिच्यावरच बसतात. गाडीला उन्हाळ्याचा सुती पोशाख आहे, थंडीचा अस्तर लावलेला आहे. हँडलला बाह्या, बाह्यांना कफ, कफांना बटणं. समोरचा गॅरेजवाला म्हणतो, या गाडीचं काही बिघडलं की आपण पान्हा घेऊन जात नाही, आधी आत वर्दी देतो की बाईसाहेबांचं आवरून झालं का.

ही गाडी एके काळी डोंगर चढायची. आमच्या दुकानांच्या रांगेतून स्वच्छ दिवशी उत्तरेला एक निळी रेघ दिसते, ते डोंगर. त्या डोंगरात एक खिंड आहे. थंडीत ती बर्फाने बंद असते आणि उन्हाळ्याचे मोजके महिने उघडते. तेव्हाही तिचा स्वभाव असा, की एकाच वळणावर आत शिरताना ऊन, मध्यावर गारा आणि बाहेर पडताना धुकं. खिंडीपलीकडच्या गावात वहिनींची, म्हणजे मास्तरांच्या पत्नीची, थोरली बहीण राहते. वहिनींची आई लवकर गेली. या ताईनेच लग्नानंतर धाकट्या बहिणीला आपल्या घरी नेऊन वाढवलं.

ताईचे यजमान अग्निशमन दलात. त्यांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी एक कोट शिवायला टाकला, तो आमच्या मास्तरांकडे. मास्तर नुकते धंद्यात पडले होते. कोट घेऊन ट्रायलला म्हणून ते मोटरसायकलवरून खिंडीपलीकडे गेले आणि दार उघडलं वहिनींनी. त्या एका कोटाच्या ट्रायलला मास्तर त्या उन्हाळ्यात इतक्यांदा खिंड ओलांडून गेले, की अग्निशमनवाल्यांना वाटायला लागलं आपल्या शरीरातच काही तरी मूलभूत दोष आहे. एकदा बाही, एकदा कॉलर, एकदा म्हणे पाठीत हवा शिरते. शेवटी ताईनेच विचारलं, कोट मिळणार आहे की मुलगी देऊन टाकू? दोन्हींचा निकाल एकदमच लागला. अशा रीतीने गिऱ्हाइकाचे साडू झाले.

लग्नानंतर वहिनींना मागे बसवून खाली आणताना एका ओल्या वळणावर गाडी घसरली. दोघांना खरचटलं, एवढंच. वहिनी दुसऱ्या दिवशी विसरल्या. मास्तर विसरले नाहीत. तोवर त्यांना आभाळ म्हणजे डोक्यावर असलेली एक वस्तू एवढंच माहीत होतं. तेव्हापासून ते आभाळाकडे बँकेतल्या कारकुनाकडे बघावं तसं बघायला लागले.

पुढे ताईच दर उन्हाळ्यात बसने खाली यायची, म्हणून काही अडलं नाही. मग ताईच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. वहिनींना बस लागते. लागते म्हणजे अशी, की पहिल्या वळणाला ड्रायव्हरच गाडी थांबवून विचारतो, बाई, तुम्हाला कुठे सोडू. मोकळ्या वाऱ्यावर, मोटरसायकलवर मात्र त्यांना काही होत नाही. म्हणजे उपाय एकच उरला, आणि तो दुकानात पुतळ्याशेजारी अस्तर लावलेला कोट घालून उभा होता.

तेव्हापासून आमच्याकडे दरवर्षी सहलीची आखणी होते. थंडीतच सुरुवात. संध्याकाळी दुकानात बैठक: मास्तर मशीनवर, मी मोटरसायकलवर, गॅरेजवाला उंबऱ्यावर, कारण त्याच्या हातांना आत यायची परवानगी नाही. मागच्या खोलीच्या दारात वहिनी काजं-बटणं करत बसलेल्या. भिंतीवर नकाशा, नकाशावर खडूच्या खुणा. इथे थोडं घ्यायचं, इथे थोडं सोडायचं, जणू डोंगरालाच पँट शिवायची आहे. हवामानासाठी रेडिओ, वर्तमानपत्र आणि मोबाइल. तिघांचं कधी पटत नसे, आणि तिघांपैकी जो सर्वांत वाईट सांगेल तो मास्तरांच्या लेखी खरा जाणकार.

पावसाळी कपडे तर बघण्यासारखे. भुरभुरीचा वेगळा, सरळ पावसाचा वेगळा, वाऱ्यासकट तिरका येणाऱ्या पावसाचा वेगळा. चेन ऐन वेळी दगा देते म्हणून सगळीकडे बटणं. वहिनींसाठी त्यांनी प्रवासाची खास पँट शिवायला घेतली. घरच्याच बायकोचं रीतसर माप घेतलं, रीतसर ट्रायलची तारीख दिली आणि रीतसर पुढे ढकलली. शिवाय साडूंना भेट म्हणून नवा कोट. जुन्याच मापाचा, पण मधल्या वर्षांचा अंदाज धरून आत भरपूर माया ठेवलेला.

आणि मग उन्हाळा येई, खिंड उघडे, आणि साडूंचा फोन सुरू होई.

साडू आता निवृत्त आहेत, पण स्वभाव निवृत्त झालेला नाही. धूर दिसला की आग म्हणायचं आणि आग दिसली की वणवा, यावर त्यांची सगळी नोकरी झाली. त्या खात्यात कमी सांगणाऱ्याला बोलणी बसतात आणि जास्त सांगणाऱ्याला शाबासकी मिळते. रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहून डोंगराकडे बघायचे आणि मास्तरांना वृत्तांत द्यायचे. फोन ठेवल्यावर मास्तरांचा चेहरा गिऱ्हाइकाने कापड कमी आणल्यासारखा व्हायचा. "आज नको," ते म्हणायचे. "वर दरडी कोसळतायत." गॅरेजवाला म्हणायचा, मास्तर, गाडी ठणठणीत आहे, आभाळ माझ्याकडे दुरुस्तीला येत नाही, नाही तर तेही करून दिलं असतं. उन्हाळा असा आजचा उद्या, उद्याचा परवा करत निघून जायचा. वहिनी दोऱ्याला गाठ मारून दाताने तोडायच्या, इतकंच. पण त्या तोडण्याचा आवाज दरवर्षी थोडा वाढत होता.

यंदा खिंड उघडली त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. तिची मुलगी परदेशात असते. तिने आईवडिलांना कायमचं बोलावून घेतलं होतं. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. उन्हाळा संपला की किल्ली द्यायची.

मी तेव्हा ट्रायलसाठी आरशासमोर उभा होतो. माझी राखाडी पँट कच्च्या टाक्यांत होती. वहिनींनी फोन ठेवला, बटणाचा डबा बंद केला आणि मास्तरांना म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणायची सोय राहिली नाही हं. मला तिला तिथे बघायचंय. मागच्या पायऱ्यांवर. लग्नानंतर आपण तिथून निघालो तेव्हा ती तिथेच बसली होती, आणि मी मागे वळून नीट बघितलं नाही."

मास्तरांनी माझ्या कमरेत टाचणी टोचली. मी ती सोसली. प्रसंगच तसा होता.

आता कुणालाही वाटेल की माणूस दुसऱ्या दिवशी निघाला असेल. पण मास्तरांच्या बाबतीत उलटं झालं. जाणं इतकं महत्त्वाचं झाल्यावर ते चुकून कसं चालेल? त्यांनी आखणीची नव्याने आखणी सुरू केली. नवा नकाशा आणला. भुरभुरीच्या कोटाला टोपी जोडली. एक दिवस ठरला, मोडला. दुसरा ठरला, मोडला. गिऱ्हाइकांची कामं पडून राहायला लागली, कारण निघायचंच आहे तर नवीन काम कशाला काढा, आणि निघायचं नाही तर आभाळाकडे बघणार कोण? माझी पँट आपली पांढऱ्या दोऱ्यांनी धरलेली, खुंटीवर लटकत होती. वहिनी रोज एकदा उत्तरेकडे बघायच्या. निळी रेघ असायची, तिथेच, स्वच्छ.

मग एका सकाळी साडूंचा रोजचा फोन झाला, मास्तरांनी "ढगफुटी" एवढा एकच शब्द उच्चारला आणि ते एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वळले. वहिनींनी काउंटरवरचा मोबाइल उचलला आणि मागच्या खोलीत जाऊन सरळ तोच नंबर लावला. नशिबाने साडू तोंड धूत होते. फोन ताईने घेतला.

वहिनींनी विचारलं, ढगफुटी झाली म्हणे?

ताई म्हणाली, कुठे? पहाटे चार थेंब पडले. मी तर चादरी वाळत घातल्यात.

मग हळूहळू उलगडा झाला. सकाळी ताई खिडकीतून बघून नवऱ्याला म्हणते, भुरभुर आहे. साडू, धाकट्या मेहुणीच्या जिवाची काळजी म्हणून, त्यात थोडी भर घालतात आणि फोनवर सांगतात, जोराचा पाऊस आहे. मास्तर, बायकोच्या जिवाची काळजी म्हणून, त्यावर आपली नेहमीची दुप्पट जादा ठेवतात आणि दुकानात सांगतात, ढगफुटी. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. दोघेही सद्भावनेने माया आत दुमडत होते, आणि इतकी वर्षं दोन बहिणींच्या मधला डोंगर या दोघा काळजीवाहूंनी मिळून उंच करत नेला होता.

दुसरी कुणी असती तर भांडली असती. वहिनी काजं करणाऱ्या. नेमकं जिथे कापायचं तिथेच कापतात. त्या मागच्या खोलीतून बाहेर आल्या त्या ती प्रवासाची पँट घालून, आणि गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे आरशासमोर उभ्या राहिल्या.

"ट्रायल घ्यायचीय," त्या म्हणाल्या.

मास्तरांना बरं वाटलं. त्यांनी टेप काढली. "वळा बघू जरा."

"पँटची नाही. जायची. डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि यायचं. कच्चा टाका. पटलं नाही तर उसवायचं."

मास्तरांच्या हातातली टेप लोंबत राहिली. गॅरेजवाला उंबऱ्यावर होता, त्याने पान्हा खाली ठेवला. आयुष्यात मास्तरांनी कुणाला ट्रायल नाकारलेली नाही. एकदा एक गृहस्थ कोट घेऊन गेल्यावर वर्षाने ट्रायलला आले होते, त्यांनाही उभं केलं होतं. तिथे स्वतःच्या बायकोला काय सांगणार?

"पायथ्यापर्यंतच," मास्तर म्हणाले.

"पायथ्यापर्यंतच. पण सामान सगळं घ्यायचं. रिकाम्या गाडीची कसली आलीय ट्रायल? तुम्हीच सांगता ना, बूट घालून या, नाही तर उंची कळत नाही."

हे व्यावसायिकदृष्ट्या बिनतोड होतं. गाडीचे कपडे उतरवले गेले. गॅरेजवाल्याने तेल, हवा, ब्रेक बघितले. त्याचे हात त्या दिवशी पहिल्यांदा दुकानाच्या आत गेले आणि कुणी हरकत घेतली नाही. सगळे पावसाळी कपडे, साडूंचा कोट, वहिनींची पिशवी असं बांधून मंडळी निघाली. मास्तरांनी मला ओरडून सांगितलं, "दुपारपर्यंत येतो, थांबा." मी थांबलो. किती थांबलो ते पुढे कळेलच.

यापुढची हकीकत मी दोघांकडून वेगवेगळी ऐकली आहे. मास्तरांच्या हकिकतीत पाऊस जास्त आहे, वहिनींच्या हकिकतीत मास्तर जास्त आहेत.

पायथ्याला ऊन होतं. एका टपरीवर चहा घेताना ढग आला, म्हणून मास्तरांनी सरळ पावसाचा कोट काढला आणि बटणं लावायला सुरुवात केली. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बटणं. शेवटचं बटण लागेतो पाऊस पडून, थांबून, ऊनही पडलं होतं. आत घाम सुटला म्हणून त्यांनी बटणं काढायला घेतली. निम्मी निघाली आणि गारा आल्या. वहिनी टपरीच्या पत्र्याखाली साधं जाकीट घालून चहा पीत होत्या. टपरीवाला त्यांना म्हणाला, तुमचे हे हवामान खात्यात आहेत का?

गारा थांबल्यावर मास्तर म्हणाले, झाली ट्रायल. वहिनी म्हणाल्या, झाली, पण गिऱ्हाइकाचं समाधान नाही. चढावर कशी बसते ते कळलं नाही. पुढच्या गावापर्यंत दुसरी ट्रायल पाहिजे. मास्तरांनी तिसऱ्या-चौथ्या ट्रायलला माणसं उभी केलेली. दुसरीला नाही कसं म्हणणार? पुढच्या गावात विश्रामगृह होतं आणि संध्याकाळ झाली होती. तिथून मास्तरांनी साडूंना फोन लावला, आपण कुठे आहोत ते न सांगता नुसती हवा विचारली. साडू म्हणाले, वादळ. मास्तरांनी तोंड उघडलं तेवढ्यात वहिनींनी त्यांच्या हातून फोन घेतला आणि बंद केला. "त्यांचं निम्मं करायचं, तुमचं निम्मं करायचं," त्या म्हणाल्या. "राहील ती हवा." निम्म्याचं निम्मं केल्यावर थोडा वारा उरला. सकाळी खरंच तेवढाच होता.

इथवर वाचून मास्तर म्हणजे नुसतेच भित्रे असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. खिंडीच्या तोंडाशी खरं धुकं आलं. हे कुणी वाढवून सांगितलेलं नव्हतं. गाडीचं पुढचं चाक दिसत नव्हतं. वहिनींना आता पलीकडच्या गावाचा वास यायला लागला होता. त्या म्हणाल्या, चला हळूहळू, रस्ता माझ्या ओळखीचा आहे. मास्तरांनी गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"दिसल्याशिवाय मी टाका घालत नाही," ते म्हणाले.

वहिनी चिडल्या. इतकी वर्षं साठवलेलं सगळं त्या तिथे बोलल्या. त्या कोटाच्या ट्रायलला यायचात तेव्हा कधी आभाळ बघितलंत? धुक्यातून, पावसातून, नखशिखान्त भिजून यायचात. दारात उभे राहिलात की जिन्यावर पाण्याचं तळं व्हायचं, ताई फडकं घेऊनच दार उघडायला यायची. तेव्हा कुठे गेली होती ही काळजी?

मास्तर टाकी पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "तेव्हा मागे कुणी बसलं नव्हतं."

वहिनींनी सामानातून साडूंचा कोट ओढून काढला. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची एक झोपडी होती, तिच्या आडोशाला दोघं तो पांघरून बसली. इतका मोठा होता तो, की दोघं आरामात मावली.

मग धुकं गेलं. हळूहळू नाही, आरशावरचं कापड कुणी ओढून काढावं तसं. एका बाजूला आपल्याकडची सपाटी, दुसऱ्या बाजूला खाली पलीकडचं गाव आणि त्याची छपरं. गाडी बरोबर मध्ये. वहिनींना गलबलून आलं होतं, पण त्या शब्दाच्या पक्क्या. म्हणाल्या, "चढाची ट्रायल झाली. परत फिरायचं तर फिरा, मी काही म्हणणार नाही. छपरं तरी दिसली."

मास्तरांनी आभाळ बघितलं. मग पहिल्यांदाच मोबाइल न बघता, रेडिओ न लावता, कुणाला न विचारता त्यांनी किल्ली फिरवली.

"उताराची राहिलीय ना," ते म्हणाले. "अर्धी ट्रायल मी देत नाही."

उतारावर पाऊस लागला. मास्तरांनी एकही बटण लावलं नाही.

गावात शिरून ते ताईच्या फाटकाशी पोचले तेव्हा दोघांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. वर गॅलरीत साडू पाठमोरे उभे होते, डोंगराकडे तोंड करून, कानाला फोन लावून. मास्तरांच्या खिशात मोबाइल वाजायला लागला. त्यांनी तो काढून कानाला लावला.

"आज काही निघू नका," साडू सांगत होते. "वर महाप्रलय आहे. चिटपाखरू खिंड ओलांडू शकणार नाही."

"बरं," मास्तर खालून म्हणाले.

साडूंना आवाज दोन्हीकडून आला. त्यांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा खाली बघितलं, आणि अग्निशमन दलात काढलेल्या सगळ्या वर्षांत उतरले नव्हते इतक्या वेगाने जिना उतरले.

वहिनी त्यांच्यासाठी थांबल्याच नाहीत. घराला वळसा घालून त्या मागच्या बाजूला गेल्या. ताई पायऱ्यांवर पाय सोडून बसली होती, गुडघ्यांवर चादर. तिने बहिणीकडे बघितलं, मग वरून खालपर्यंत गळणाऱ्या पाण्याकडे बघितलं आणि आतल्या दिशेने हाक मारली, "अहो, फडकं आणा. ट्रायलवाले आलेत."

हे सगळं मला ते परत आल्यावर कळलं. तोवर इकडे माझी पँट कुलूपबंद दुकानात खुंटीला टांगलेली, मला एका समारंभाला जायचंय, आणि दुपारपर्यंत येतो म्हणून गेलेल्या माणसाचा पत्ता नाही. दुपार होऊन आठवडे उलटले. खिंडीवर ऊन पडलेलं आम्हाला इथून दिसायचं. गॅरेजवाला रोज उंबऱ्यावर बसून जायचा, सवय म्हणून. शेवटी न राहवून मी फोन लावला.

मास्तरांनी गंभीर आवाजात सांगितलं की परत निघायला हवा योग्य नाही. मी म्हणालो, अहो मास्तर, मी डोंगराकडे बघतोय, एक ढग नाही. ते म्हणाले, तुम्हाला लांबून कळायचं नाही. इथे साडू स्वतः रोज बघतात. विचारा हवं तर.

साडू फोनवर आले. वादळाची शक्यता नाकारता येत नाही, म्हणाले. त्यांच्या मागे दोन बायका हसत होत्या. मधूनच एक हसायची थांबायची, मग दुसरी काही तरी बोलायची आणि पुन्हा दोघी. वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यावर फडफडल्याचाही आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मास्तर पुन्हा फोनवर आले. हवेचं एक असो, म्हणाले, शिवाय साडूंचा कोट निघालाय हाती. पोट सगळं बाहेर आलंय, आतलं सोडूनही पुरेना. आज कॉलर घेतली. उद्या बाही बघतो. पाठीतही हवा शिरतेय जराशी.

"किती ट्रायल लागतील?" मी विचारलं.

मागे हसणं चालूच होतं.

"घराची किल्ली द्यायची आहे ना, तोवर होईल," ते म्हणाले. "तुम्ही पँटची काळजी करू नका. आत भरपूर सोडलंय. तोपर्यंत सुटलात तरी बसेल."